तिसऱ्या आठवड्यातला प्रेक्षक

मराठी चित्रपटाचं वर्ष कसं गेलं, हे आपण डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ठरवून टाकतो. गल्ल्याचे आकडे, पुरस्कारांची यादी, चार लाडकी नावं, दोन टीकेची नावं, की लगेच पुढच्या शुक्रवारकडे नजर. इतक्या घाईत दिलेला निकाल बहुधा चुकतो, म्हणून इथे मुद्दाम मागं जाऊन २०१५ हे वर्ष घेतलं आहे. गेल्या पाव शतकातलं मराठीतलं हे सर्वांत भरगच्च वर्ष, असं माझं मत आहे. त्या वर्षातलं काय टिकलं आणि काय विरून गेलं, हे आता शांतपणे पाहता येतं. शिवाय मराठी चित्रपटाला किती आणि कोणत्या वेळी पडदे मिळावेत, यावर सरकारनं हात घातला तेही हेच वर्ष.

माझं म्हणणं असं. त्या वर्षातले जे चित्रपट आजही पुन्हा पाहावेसे वाटतात, त्यांतले जवळजवळ सगळे सावकाश प्रेक्षक जमवणारे होते. ज्यांनी निराशा केली, त्यांतले बरेचसे पहिल्या तीन दिवसांच्या हिशेबानं बांधलेले होते. आणि आपली वितरणाची व्यवस्था पहिल्या प्रकाराला दंड करते, दुसऱ्याला बक्षीस देते. सरकारी नियमानंही यात फरक पडलेला नाही.

आवडत्यांपासून सुरुवात करू. मार्च २०१५ मध्ये जाहीर झालेल्या ६२व्या राष्ट्रीय पुरस्कारांत तीन मराठी चित्रपट ठळक होते. चैतन्य ताम्हाणेचा ‘कोर्ट’ सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला, अविनाश अरुणचा ‘किल्ला’ सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला, आणि भाऊराव कऱ्हाडेच्या ‘ख्वाडा’ला परीक्षकांचा विशेष पुरस्कार आणि चित्रणस्थळी केलेल्या ध्वनिमुद्रणाचा पुरस्कार मिळाला. चित्रपटगृहात ते अनुक्रमे एप्रिलमध्ये, जूनमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये, थेट दसऱ्याला आले. तिघांचेही दिग्दर्शक पहिलाच पूर्ण लांबीचा चित्रपट करत होते.

‘कोर्ट’ पाहताना पहिली गोष्ट जाणवते ती कॅमेऱ्याची. तो हलत नाही, जवळही जात नाही. लोकशाहीर नारायण कांबळे यांच्यावर खटला आहे: त्यांच्या गाण्यामुळे गटारात उतरणाऱ्या एका सफाई कामगारानं आत्महत्या केली, असा आरोप. नेहमीच्या कोर्टपटात अशा वेळी वकिलाच्या चेहऱ्याचा क्लोजअप येतो, संगीत चढतं, टाळीचं वाक्य येतं. इथे अख्खी खोली एकदम दिसते: न्यायाधीश, टंकलेखक, पुढच्या तारखेची वाट पाहणारे, जांभया देणारे. प्रेक्षकाला कुठे बघायचं ते स्वतः ठरवावं लागतं, आणि मग लक्षात येतं की महत्त्वाचं काम टंकलेखकाच्या टेबलाशी चाललं आहे. साक्षीदार एक बोलतो, न्यायाधीश ते आपल्या शब्दांत फिरवून सांगतात, आणि कागदावर जातं ते दुसरंच. माणसाचं म्हणणं नोंदीत शिरताना कसं बदलतं, हे यापेक्षा नेमकं मराठी पडद्यावर मी पाहिलेलं नाही.

मृत कामगाराच्या पत्नीची साक्ष हा त्या चित्रपटाचा कणा. नवरा कामाला कधी निघायचा, मेनहोलमध्ये उतरण्याआधी खडा टाकून झुरळं बाहेर येतात का ते कसं बघायचा, आत वायू आहे की हवा ते त्यावरून कसं ठरवायचा, एक डोळा कसा गेला, हे ती एका सुरात सांगते. ही भूमिका करणाऱ्या उषा बाने व्यावसायिक अभिनेत्री नव्हेत, आणि नारायण कांबळे झालेले वीरा साथीदार हे स्वतः चळवळीतले कार्यकर्ते आणि लेखक. सरकारी वकील नूतनच्या भूमिकेत गीतांजली कुलकर्णी आहे. कोर्टात कलमं वाचणारी ही बाई घरी येऊन स्वयंपाक करते, मुलांचं बघते, सुट्टीच्या दिवशी नाटकाला जाते. तिला खलनायिका करण्याचा मोह दिग्दर्शकानं टाळला. एखादी यंत्रणा क्रूर असते तेव्हा ती चालवणारी माणसं बहुतेक वेळा अशीच, थकलेली आणि आपल्या कामाशी प्रामाणिक असतात. हे समजायला वेळ लागतो, आणि चित्रपट तो वेळ घेतो.

‘किल्ला’ची गोष्ट दोन ओळींत मावते. वडील गेल्यानंतर आईची कोकणात बदली होते, मुलगा नव्या शाळेत येतो, मित्र मिळतात, तुटतात, आणि पुन्हा बदली होते. दिग्दर्शक स्वतःच छायालेखक असल्याचा फायदा इथे प्रत्येक दृश्यात दिसतो. पावसाळ्यात चित्रण करणं ही मराठी निर्मितीतली सर्वांत टाळली जाणारी गोष्ट. उजेड दर दहा मिनिटांनी बदलतो, भिंगावर बाष्प धरतं, एका दृश्याचा अर्धा भाग सरीत आणि अर्धा उघडिपीत चित्रित झाला की संकलनाच्या टेबलावर तो जुळत नाही. म्हणून बहुतेक जण कोरड्या दिवशी टँकर बोलावून पाऊस पाडतात. तो पाऊस ओळखता येतो: थेंब जाड असतात, मागचं आभाळ उजळ असतं आणि पानं सगळीकडे सारखी भिजलेली नसतात. ‘किल्ला’मध्ये पाऊस आभाळासकट आहे. सायकलींची शर्यत लावून मुलं किल्ल्यावर पोहोचतात, पाऊस कोसळतो, आणि चिन्मय एकटा मागं राहतो. त्या दृश्यात एकही वाक्य समजावून सांगणारं नाही. अर्चित देवधर आणि पार्थ भालेराव या दोन मुलांनी, आणि आईच्या भूमिकेत अमृता सुभाषनं, जो संयम ठेवला आहे तो शिकवून येत नाही. दिग्दर्शकानं टेक लवकर कापला नाही तरच तो पडद्यावर उतरतो. बर्लिनला २०१४ मध्ये मुलांच्या परीक्षक मंडळानं या चित्रपटाला क्रिस्टल बेअर दिलं. मुलांनी निवडलेला चित्रपट म्हणून ही दाद मला विशेष मोलाची वाटते.

‘ख्वाडा’बद्दल थोडं जास्त बोलायला हवं, कारण त्याच्यावर सर्वांत कमी लिहिलं गेलं. मेंढरं घेऊन फिरणारं धनगर कुटुंब, वनखात्यानं घेतलेल्या जमिनीचा वर्षानुवर्षं चाललेला खटला, लग्नाची वाट पाहणारा आणि कुस्तीत रमणारा बाळू, आणि गावच्या सरपंचाशी वैर. कथेतली वळणं काही ठिकाणी ओळखीची आहेत, शेवटाकडची हिंसा थोडी घाईत येते. पण ऐकायला हा चित्रपट अपूर्व आहे. मराठी ग्रामीण चित्रपटांत अनेक वर्षं संवाद नंतर स्टुडिओत डब होत आले. डबिंगमध्ये नट बंद खोलीत उभा राहून, ओठ बघत, आधी बोललेलं पुन्हा बोलतो. ओठ जुळतात, पण धाप जुळत नाही. चढावर चालताना बोललेल्या वाक्यातला श्वास, वाऱ्यात ओरडताना चिरकणारा आवाज, तोंडात घास असतानाचं बोलणं हे सगळं धुऊन निघतं, आणि उरतो तो सगळीकडे सारखाच वाजणारा, पुण्या-मुंबईच्या स्टुडिओतला ‘गावरान’ आवाज.

थेट ध्वनिमुद्रण करायचं तर कष्ट पुष्कळ. जनरेटर लांब नेऊन ठेवावा लागतो, बूम, म्हणजे लांब दांड्यावरचा माइक, धरणाऱ्याला फ्रेमची कड आणि सावली दोन्ही सांभाळावी लागतात, कपड्याखालच्या माइकवर घोंगडी घासली की टेक वाया. प्रत्येक जागेचा नुसता भवतालचा आवाज वेगळा टिपून ठेवावा लागतो, नाहीतर दोन टेक जोडताना मधे खड्डा ऐकू येतो. मेंढरं तर दिग्दर्शकाचं ऐकतच नाहीत. हे सगळं करून ‘ख्वाडा’ त्या माणसांचं बोलणं त्यांच्याच हवेत ठेवतो. शशांक शेंडे यांनी साकारलेला बाप, रघू कऱ्हे, बोलतो तेव्हा अर्धं वाक्य माणसांना आणि अर्धं मेंढरांना असतं.

या तिघांच्या मागोमाग मी समीर विद्वांसचा ‘डबल सीट’ ठेवतो. लालबागच्या चाळीत नवं लग्न झालेल्या जोडप्याला दार लावून घेण्याएवढीही जागा नाही, ही मुंबईतली खरी अडचण. मुक्ता बर्वे आणि अंकुश चौधरी ती लाजत-हसत मांडतात. उत्तरार्धात घराच्या स्वप्नाचं गणित थोडं सोयीनं सुटतं, तरी वंदना गुप्ते यांची सासू त्या चाळीत खरोखर राहत आलेली वाटते.

आता निराशा. यादी मोठी आहे, पण सगळ्याच निराशा सारख्या नसतात. काही चित्रपटांकडून अपेक्षाच नव्हती. २०१४ च्या यशाची पुनरावृत्ती करायला निघालेला ‘टाइमपास २’ त्यातला: पात्रं मोठी झाली, नट बदलले, आणि पहिल्या भागात जे कोवळं होतं ते निघून गेलं. त्या वर्षी मल्याळमवरून मराठीत दोन चित्रपट आले, ‘क्लासमेट्स’ आणि ‘शटर’. मूळ ‘शटर’ कोळिकोडच्या गल्लीत घट्ट रुजलेला आहे. तिथला आखातातून परतलेला माणूस, तिथली रिक्षा, तिथली अब्रूची भीती. मराठीत आणताना प्रसंग आले, पण ते प्रसंग ज्या मातीतून उगवले ती आली नाही. सचिन खेडेकर आणि अमेय वाघ मन लावून काम करतात, तरी गोष्ट परक्या घरात राहायला आल्यासारखी अवघडलेली राहते. आयती पटकथा मिळाली की निर्मात्याची जोखीम कमी होते हे खरं. पण पटकथेला नवी जागा द्यायची तर तिच्यावर मूळ पटकथेइतकंच काम करावं लागतं, आणि तिथेच हात आखडला जातो.

‘बाजी’ची निराशा वेगळी. मराठीत मुखवटा घातलेला, घोड्यावरचा नायक उभा करायचा, हा विचार धाडसी होता आणि जितेंद्र जोशीचा खलनायक लक्षात राहतो. गोष्ट अडते ती साहसदृश्यांच्या अंकगणितात. तीन मिनिटांच्या पाठलागात सरासरी दोन सेकंदांचा एक शॉट धरला तर नव्वद शॉट लागतात. घोडा असला की दिवसाला पंधरा-वीस शॉट झाले तरी खूप. प्रत्येक टेकनंतर त्याला परत आणायचं, दम खाऊ द्यायचा, तोवर ऊन सरकलेलं असतं. म्हणजे एका पाठलागाला पाच-सहा दिवस. पस्तीस-चाळीस दिवसांत पूर्ण चित्रपट उरकायच्या मराठी वेळापत्रकात हे बसत नाही. मग शॉट कमी होतात, उरलेले लांबतात, मधली रिकामी जागा स्लो मोशननं आणि पार्श्वसंगीतानं भरली जाते. मोठ्या पडद्याचं वचन पोस्टरवर द्यायचं आणि ते पाळायला लागणारे दिवस द्यायचे नाहीत, ही त्या काळच्या अनेक मराठी चित्रपटांची चूक होती. आजही ती होते.

‘देऊळ बंद’ गाजला, पण मला तो खटकला. नासातल्या शास्त्रज्ञाला देवाच्या अस्तित्वापुढे नमवणं ही गोष्ट सांगायला हरकत नाही. श्रद्धा हा चित्रपटाचा विषय होऊ शकतो. पण वाद उभा करायचा तर नास्तिकाच्या तोंडी त्याचा खरा युक्तिवाद द्यायला हवा. इथे तो फक्त गर्विष्ठ आहे, म्हणजे हरणार हे पहिल्या रिळातच ठरलेलं. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनाला दोन वर्षं होत होती आणि गोविंद पानसरे यांना त्याच फेब्रुवारीत गोळ्या घातल्या गेल्या होत्या. विवेकवादी माणूस पडद्यावर कसा दाखवतो, याची जबाबदारी त्या वर्षी तरी जास्त होती.

जीव लावून पाहिलेली आणि तरीही हातातून निसटलेली दोन नावं म्हणजे ‘हायवे’ आणि ‘कट्यार काळजात घुसली’. उमेश कुलकर्णी आणि गिरीश कुलकर्णी यांनी मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गावर निरनिराळ्या गाड्यांमधली माणसं घेऊन समाजाचा आडवा छेद घ्यायचं ठरवलं. कल्पना उत्तम. पण सव्वादोन तासांत दहा-बारा गाड्या बसवल्या की एका गाडीला जेमतेम अकरा ते तेरा मिनिटं येतात, आणि तीही तुकड्यातुकड्यांनी. इतक्या वेळात पात्राचा स्वभाव वागण्यातून उलगडत नाही, बोलण्यातून सांगावा लागतो. म्हणून फोनवरची संभाषणं वाढतात. चार गाड्या कमी असत्या तर हा चित्रपट ‘कोर्ट’च्या शेजारी बसला असता, असं मी ठामपणे म्हणतो.

‘कट्यार’चं संगीत हा त्या वर्षातला सर्वांत मोठा आनंद. पुरुषोत्तम दारव्हेकरांचं नाटक १९६७ चं, संगीत पं. जितेंद्र अभिषेकींचं, खाँसाहेब म्हणून वसंतराव देशपांडे. चित्रपटात त्याच खाँसाहेबांसाठी त्यांचा नातू राहुल देशपांडे गातो, सदाशिवसाठी महेश काळे, आणि शंकर-एहसान-लॉय जुन्या पदांच्या शेजारी नवी गाणी लाजल्याशिवाय मांडतात. सचिन पिळगावकरांनी कारकिर्दीतलं सर्वांत धारदार काम केलं. तरीही कथेत जिथे दोन गायकींची टक्कर हवी, तिथे कट, सूड आणि शस्त्रं येतात. वर्षानुवर्षं हरणाऱ्या थोर गवयाला आपण का हरतो ते कळत नाही, हे दुःख पुरेसं होतं. त्याला दुष्टपणाची जोड देण्याची गरज नव्हती. गाण्यांचंही तसंच. राग फुलू लागतो आणि चार-पाच मिनिटांत प्रसंग पुढे ढकलायचा म्हणून कापला जातो. एक तरी बैठक पंधरा मिनिटं अखंड ठेवायला हवी होती. तो प्रेक्षक थांबला असता.

हा शेवटचा मुद्दा हवेतला नाही. ‘कट्यार’ १२ नोव्हेंबर २०१५ ला, दिवाळीत लागला. त्याच दिवशी ‘मुंबई-पुणे-मुंबई २’ लागला, आणि सलमान खानचा ‘प्रेम रतन धन पायो’सुद्धा. एवढ्या गर्दीत तो टिकला तो लोकांनी एकमेकांना सांगितल्यामुळे, आणि मुख्य म्हणजे लोक एकमेकांना सांगेपर्यंत तो पडद्यावर राहिल्यामुळे. अठ्ठेचाळीस वर्षं घराघरात गुणगुणलेली पदं हाताशी होती आणि मागं वाट पाहण्याची ऐपत असलेली मोठी कंपनी होती. ‘ख्वाडा’सारख्या चित्रपटाकडे यांतलं काहीच नसतं.

इथून वितरणाच्या हिशेबाकडे वळू. प्रेक्षकानं तिकिटाला दिलेले पैसे कर वजा करून चित्रपटगृह आणि वितरक यांच्यात वाटले जातात. २००९ मध्ये हिंदी निर्माते-वितरकांनी मल्टिप्लेक्सविरुद्ध दोन महिने संप केला. त्यानंतर ठरलेलं वाटप असं: वितरकाला पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५, आणि पुढे ३०. मराठीत करार चित्रपटागणिक कमीजास्त होतात, पण उतरती शिडी तीच.

तेव्हा महाराष्ट्रात मराठी चित्रपटाला करमणूक कर माफ होता, म्हणून हिशेब सोपा आहे. तिकीट १५० रुपये, एकूण प्रेक्षक दहा हजार, गल्ला १५ लाख. एका चित्रपटाला पहिल्या आठवड्यात सात हजार लोक आले, दुसऱ्यात दोन हजार, तिसऱ्यात एक हजार. वितरकाच्या हाती ७,०८,७५० रुपये येतात. दुसऱ्या चित्रपटाला पहिल्या दोन आठवड्यांत दोन-दोन हजार आणि पुढच्या दोन आठवड्यांत तीन-तीन हजार लोक आले. प्रेक्षक तेवढेच, गल्ला तेवढाच, पण वितरकाच्या हाती ५,८१,२५० रुपये. सव्वा लाखाहून जास्त तोटा, आणि तो केवळ लोकांना चित्रपट हळूहळू आवडत गेला म्हणून. शिवाय चार आठवडे जाहिरात चालू ठेवायची, प्रत्येक पडद्यामागे डिजिटल प्रक्षेपणाचं शुल्क भरायचं.

प्रत्यक्षात ही दुसरी स्थिती येतच नाही, कारण असा चित्रपट तिसऱ्या आठवड्यापर्यंत पोहोचत नाही. पुढच्या शुक्रवारचे शो मंगळवार ते गुरुवारच्या दरम्यान ठरतात. ते ठरताना शनिवार, रविवार आणि विशेषतः सोमवारी किती खुर्च्या भरल्या ते पाहिलं जातं. छोट्या चित्रपटाचं ऑनलाइन बुकिंग बुधवारी किंवा गुरुवारी रात्री उघडतं, म्हणजे आगाऊ विक्री नगण्य. शो सकाळी पावणेअकराचा किंवा दुपारी सव्वातीनचा, आणि दर दिवशी वेगळ्या वेळी. ज्याला शनिवारी मित्रानं सांगितलं तो बुधवारी बघायला जाईपर्यंत वेळ बदललेली असते, शुक्रवारी चित्रपटच उतरलेला असतो. मग आकडा दाखवून सांगितलं जातं की प्रेक्षक नाही.

एप्रिल २०१५ मध्ये तेव्हाचे सांस्कृतिक मंत्री विनोद तावडे यांनी मल्टिप्लेक्सना संध्याकाळी सहा ते नऊ या वेळेत मराठी चित्रपट दाखवणं बंधनकारक करण्याची घोषणा केली. वाद पेटला, आणि शेवटी ठरलं ते दुपारी बारा ते रात्री नऊ. या सवलतीनंतर नियमात जीव उरला नाही, कारण मंगळवारी दुपारी सव्वाबाराचा शो लावूनही तो पाळता येतो. पण वेळ मूळची राहिली असती तरी मोठा फरक पडला नसता, असं मला वाटतं. नियम कोणत्याही मराठी चित्रपटाला लागू. त्या आठवड्यात तीन मराठी चित्रपट असले तर संध्याकाळचा शो सर्वांत जास्त जाहिरात झालेल्याला जाणार. नियमानं घड्याळ पाहिलं. कॅलेंडर पाहायला हवं होतं.

पुढच्या वर्षीचा ‘सैराट’ चालला तो या नियमामुळे नव्हे. मागणी होती म्हणून पडदे आपणहून वाढले. आणि ‘ख्वाडा’च्या दिग्दर्शकाचाच ‘टीडीएम’ २८ एप्रिल २०२३ ला आला तेव्हा ‘महाराष्ट्र शाहीर’ही त्याच दिवशी लागला. ‘टीडीएम’ला शो मिळेनात, कलाकारांना लोकांसमोर येऊन रडत सांगावं लागलं, चित्रपट मागे घेऊन जूनमध्ये पुन्हा प्रदर्शित करावा लागला. घोषणेला आठ वर्षं होऊन गेली होती आणि दिग्दर्शकाच्या नावावर राष्ट्रीय पुरस्कार होता. त्याहून वाईट अवस्था मकरंद मानेच्या ‘रिंगण’ची: २०१५ चा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट म्हणून राष्ट्रीय पुरस्कार मिळूनही तो चित्रपटगृहात आला जून २०१७ मध्ये. म्हणजे २०१५ च्या कुठल्याच वार्षिक यादीत तो असणं शक्य नव्हतं.

चित्रपटगृहाची बाजूही खरी आहे. रिकाम्या सभागृहात वातानुकूलन तेवढंच चालतं, माणसं तेवढीच लागतात, आणि खाद्यपदार्थांची विक्री, जिच्यावर मल्टिप्लेक्सचा मोठा नफा उभा असतो, तीही बुडते. त्यांच्यावर नुसती सक्ती केली तर ते पळवाट शोधणारच. म्हणून उपाय दोघांना परवडणारा हवा.

पहिली गोष्ट वितरकांनी स्वतः करायची. एखाद्या शहरात दिवसाला १८० माणसं येणार असतील आणि चित्रपट बारा ठिकाणी एकेका शोला लावला, तर प्रत्येक सभागृहात पंधरा माणसं दिसतात आणि सोमवारी बाराही ठिकाणी तो उतरतो. तीच माणसं तीन ठिकाणी रोज दोन शोंत बसवली तर प्रत्येक शोला तीस होतात. शंभर-सव्वाशे खुर्च्यांच्या छोट्या सभागृहात हा आकडा दुसऱ्या आठवड्यासाठी पुरेसा वजनदार ठरतो. पोस्टरवर ‘राज्यभर तीनशे शो’ छापण्याचा हव्यास सोडावा लागेल. वेळ मात्र रोज एकच हवी, म्हणजे ऐकणाऱ्याच्या लक्षात राहते.

दुसरी गोष्ट शिडीची. ठरावीक संख्येपेक्षा, समजा शंभरपेक्षा, कमी पडद्यांवर लागणाऱ्या चित्रपटाला चारही आठवडे सरसकट ४५ टक्के द्यावेत. वरच्या उदाहरणात दोन्ही चित्रपटांना ६,७५,००० रुपये मिळतील. पहिल्या आठवड्यात चित्रपटगृहाला जास्त मिळेल, म्हणून त्याला छोटा चित्रपट लावण्यात रस राहील. नंतरच्या आठवड्यात वितरकाला जास्त मिळेल, म्हणून तो जाहिरात चालू ठेवील. बदल्यात चित्रपटगृहानं रोज एक शो, एकाच वेळी, तीन आठवडे देण्याची हमी द्यावी. सरकारनं सक्ती करायचीच तर या हमीची करावी.

तिसरी गोष्ट अनुदानाची. त्या काळात राज्य सरकार ‘अ’ दर्जाच्या मराठी चित्रपटाला ४० लाख आणि ‘ब’ दर्जाला ३० लाख देत असे. परीक्षण चित्रपट पाहून होतं आणि पैसे झालेल्या निर्मितीखर्चाची भरपाई म्हणून मिळतात. त्यानं चित्रपट तयार व्हायला मदत होते, लोकांपर्यंत पोहोचायला होत नाही. या रकमेचा चौथा हिस्सा दुसऱ्या ते चौथ्या आठवड्याच्या वितरणासाठी राखून ठेवावा, आणि त्या आठवड्यांत चित्रपट खरोखर चालू असल्याचे दैनंदिन अहवाल पाहूनच द्यावा. ‘अ’ दर्जाच्या चित्रपटाला हे दहा लाख होतात. तीन आठवडे चार-पाच शहरांत एकेक-दोनदोन पडदे धरून ठेवायला ते कामी येतात.

बेळगाव, पणजी, इंदूर, बडोदा, हैदराबाद इथल्या मराठी प्रेक्षकाला महाराष्ट्राचा कोणताही नियम लागू होत नाही. तिथे चित्रपट पोहोचतो तो एखाद्या मंडळानं रविवारी सकाळचा शो ठरवला तर, किंवा महोत्सवात. असे शो साधारणतः प्रदर्शनानंतर महिन्या-दोन महिन्यांनी होतात, आणि तेव्हा नेमकी प्रत मिळत नाही: डिजिटल प्रत कुलूपबंद असते, ती उघडणारी किल्ली ठरावीक सभागृहापुरती आणि ठरावीक तारखांपुरतीच दिलेली असते, आणि नवी किल्ली काढून द्यायला निर्मात्याकडे माणूस उरलेला नसतो. अनुदान घेणाऱ्या प्रत्येक चित्रपटाची कुलूप नसलेली एक प्रत, ध्वनीचे वेगळे पट्टे आणि सबटायटल्सची वेगळी फाइल पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जमा करणं बंधनकारक करावं. आज बऱ्याच छोट्या निर्मात्यांकडे मूळ चित्रपट एकाच हार्ड डिस्कवर असतो, आणि सबटायटल्स चित्रावरच कायमची उमटवलेली असतात. ती नंतर काढता येत नाहीत. बेळगावच्या शोला कन्नड किंवा इंदूरच्या शोला हिंदी सबटायटल्स लावायची तर आधी स्वच्छ चित्र हवं, आणि ते हवं असल्याचं लक्षात येईपर्यंत ती डिस्क अनेकदा बंद पडलेली असते.